सुखाचा अंदाज का चुकतो आणि तो कसा सुधारावा

सुखी होण्याविषयीचे सल्ले आपल्याकडे मुबलक आहेत आणि त्यांतले बरेचसे वाईटही नाहीत. लवकर उठा, व्यायाम करा, माणसे जोडा, फार अपेक्षा ठेवू नका, हे ऐकून कोणाचे नुकसान झालेले नाही. अडचण अशी, की हे सगळे ठाऊक असूनही मोकळा वेळ मिळाला की आपण जे करायला घेतो ते या यादीत क्वचितच असते. आपण आपल्या अंदाजाने चालतो. अमुक केले तर बरे वाटेल, तमुक नकोच, असा कौल मन आधीच देऊन टाकते आणि तो इतक्या खात्रीने देते की पडताळून पाहण्याचे कोणी मनावर घेत नाही. गेल्या काही दशकांतल्या मानसशास्त्रीय संशोधनातून पुन्हा पुन्हा पुढे आलेली गोष्ट ही, की हा कौल बऱ्याचदा चुकतो आणि ठरावीक दिशेनेच चुकतो. म्हणून स्वतःचे अंदाज तपासायचे कसे आणि संशोधनाच्या आधारे कोणते अंदाज सर्वांत आधी तपासण्याजोगे आहेत, एवढेच या लेखात मांडले आहे.

अंदाज कुठे फसतो

व्हर्जिनिया विद्यापीठाचे टिमथी विल्सन आणि हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल गिल्बर्ट यांनी भावनांच्या भाकितांचा विषय अभ्यासाला घेतला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका शोधनिबंधात अमेरिकी विद्यापीठातील अध्यापकांचे उदाहरण आहे. तिथे तरुण अध्यापकाला काही वर्षांनी कायम नेमणूक मिळते किंवा नाकारली जाते, आणि साऱ्या कारकिर्दीचा फैसला त्या एका निर्णयात आहे असे त्याला वाटत असते. नेमणूक मिळाली तर पुढची काही वर्षे आपण नाकारले गेल्यापेक्षा कितीतरी सुखात असू, असे निर्णयाची वाट पाहणाऱ्यांनी सांगितले. प्रत्यक्षात ज्यांचा निर्णय काही वर्षांपूर्वी लागून गेला होता, त्या दोन्ही प्रकारच्या अध्यापकांच्या सुखात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. स्पर्धापरीक्षेच्या निकालाकडे किंवा मुलाच्या प्रवेशयादीकडे डोळे लावून बसलेल्या घरांना हे पटणार नाही, आणि निकालाच्या आठवड्यात ते पटावे अशी अपेक्षाही नाही. परंतु तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एखाद्या निकालाचा आज सकाळच्या मनःस्थितीवर किती परिणाम उरला आहे, हे प्रत्येकाला आठवून पाहता येते.

असे होण्याची कारणे दोन. भविष्याची कल्पना करताना आपण त्या एकाच घटनेकडे पाहतो, आणि त्या काळातही पाण्याचा टँकर, कंबरदुखी, साहेबांचे टोमणे आणि संध्याकाळची भाजी हे सगळे चालूच असणार, याचा विसर पडतो. दुसरे असे, की मन आघातातून सावरण्यासाठी स्वतःची समजूत घालत असते, वेगळा अर्थ लावत असते, पण ही सावरण्याची ताकद आपल्या हिशेबात धरलेली नसते. त्यात भर पडते ती सवयीची. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले २२ लॉटरीविजेते, अपघाताने दोन्ही पाय किंवा चारही हातपाय लुळे पडलेल्या २९ व्यक्ती आणि तुलनेसाठी २२ सर्वसामान्य लोक यांच्या मुलाखती घेतल्या. ० ते ५ या मापावर विजेत्यांचे सध्याचे सुख ४ आले, सर्वसामान्य लोकांचे ३.८२, म्हणजे फरक नगण्य. आणि न्याहारी करणे, मित्राशी बोलणे, विनोद ऐकणे यांसारख्या साध्या गोष्टींतला आनंद विजेत्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होता. या अभ्यासाचा दाखला देताना अपघातग्रस्तही तितकेच सुखी होते असे बिनदिक्कत सांगितले जाते, ते चुकीचे आहे. त्यांचा आकडा २.९६ होता, म्हणजे स्पष्टपणे कमी, मात्र लोक कल्पना करतील तितका खाली नाही. सवय सगळ्याची होते हे खरे नाही. गाडी, मोबाइल, पगारवाढ यांची लवकर होते, बेकारीची, सततच्या दुखण्याची किंवा कर्जवसुलीच्या तगाद्याची तशी होत नाही.

एका वहीचा प्रयोग

यावर उपाय म्हणून एक साधन नैराश्यावरील उपचारांतून उचलता येते. अ‍ॅरन बेक यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत रुग्णाला दिवसभराच्या कामांची नोंद ठेवून प्रत्येक कामातून किती आनंद मिळाला आणि ते किती जमले, यांना गुण द्यायला सांगतात. त्याच धर्तीवर करण्याआधीचा अंदाज आणि केल्यानंतरचा अनुभव अशा दोन्ही गोष्टी टिपण्याचीही रीत आहे. नैराश्य नसलेल्या माणसालाही ती तितकीच उपयोगी पडते, आणि माझ्या मते पुढचे सगळे सल्ले या वहीशिवाय ऐकीव राहतात.

साध्या शंभर पानी वहीच्या एका पानावर पाच रकाने आखावेत : दिवस आणि वेळ, काय करणार, सोबत कोण, अंदाज आणि प्रत्यक्ष. अंदाज आणि प्रत्यक्ष या रकान्यांत ० ते १० गुण द्यावेत. पथ्ये दोनच. अंदाजाचा आकडा काम सुरू होण्यापूर्वी शाईने लिहावा, कारण नंतर लिहिलेला अंदाज अनुभवाशी जुळवून घेतला जातो. प्रत्यक्षाचा आकडा काम संपल्यापासून तासाभरात लिहावा. रात्री आठवून लिहिल्यास दिवसाचा शेवट कसा झाला त्याची छाया सगळ्या आकड्यांवर पडते. दिवसभराची प्रत्येक हालचाल टिपण्याची गरज नाही. ज्यांत निवडीला वाव आहे अशा दोन-तीन गोष्टी रोज, आणि असे दोन आठवडे, एवढे पुष्कळ झाले.

नाशिकमध्ये बँकेत नोकरी करणाऱ्या एखाद्या गृहस्थांच्या वहीची कल्पना करू. शनिवार दुपार, मोबाइलवर व्हिडिओ पाहणे, सोबत कोणी नाही, अंदाज ७, प्रत्यक्ष ४. रविवार सकाळ, आतेभावाकडे नव्या घराच्या वास्तुशांतीला जाणे, अंदाज ३ आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘कंटाळा’, प्रत्यक्ष ७. मंगळवार, रात्री जेवणानंतर सोसायटीभोवती दोन फेऱ्या, अंदाज ४, प्रत्यक्ष ६. गुरुवार, ऑनलाइन विक्रीत सवलतीत घेतलेले बूट येणे, अंदाज ८, प्रत्यक्ष ६. आणि पुढच्या गुरुवारी त्याच बुटांपुढे २. अशा दहा-पंधरा ओळी झाल्या की एकेका ओळीला महत्त्व उरत नाही. पाहायचे ते एवढेच, की अंदाज कोणत्या प्रकारच्या कामांत चढा लागतो आणि कोणत्या कामांत पडता. बहुतेकांच्या बाबतीत ज्यांना काहीच हालचाल लागत नाही अशा गोष्टींचा अंदाज चढा असतो, तर ज्यांसाठी कपडे बदलावे लागतात आणि कोणाला तरी भेटावे लागते अशा गोष्टींचा पडता, असा माझा कयास आहे. तुमची वही वेगळे सांगत असेल तर वहीचे ऐकावे.

पडत्या अंदाजाची कामे सुरू करताना मनःस्थिती चांगली होण्याची वाट पाहू नये. नैराश्यावर बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची उपचारपद्धती आहे. पीटर लेविन्सन यांच्या १९७० च्या दशकातील कामापासून ती आकाराला आली. तिचा गाभा हा, की मन प्रसन्न झाल्यावर माणूस कामाला लागेल असे समजून थांबू नये. ठरलेल्या वेळी काम सुरू करावे, मन मागाहून येते. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृतीवर भर देणारा हा एवढाच भाग, विचारांवर काम करणाऱ्या संपूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला होता. घरगुती पातळीवर याचा अर्थ असा, की ‘जरा बरे वाटले की फिरायला जाईन’ हे वाक्य उलटे करून पाहावे. आणि ते अमलात यावे यासाठी जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘जर-तर’ योजना वापरावी. ‘मी अधिक फिरेन’ असा संकल्प विरून जातो. ‘रात्री ओटा आवरून झाला की चप्पल घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जाईन’ असे ठरवले तर ओटा आवरणे हीच आठवण होते.

माणसे : जिथे अंदाज सर्वांत जास्त चुकतो

शिकागो विद्यापीठाचे निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग उपनगरी रेल्वेतला आहे. रोजच्या प्रवाशांपैकी काहींना त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, काहींना एकटे गप्प बसायला आणि काहींना नेहमीप्रमाणे प्रवास करायला. बोलणाऱ्यांचा प्रवास सर्वांत सुखाचा झाला, गप्प बसणाऱ्यांचा सर्वांत कमी. वेगळ्या प्रवाशांना नुसता अंदाज विचारला, तेव्हा त्यांनी नेमका उलटा क्रम लावला होता. पुढे लंडनच्या गाड्यांमध्येही असाच निष्कर्ष निघाला. कर्जत-कसाऱ्याच्या लोकलमध्ये डब्यातल्या गटात वर्षानुवर्षे प्रवास केलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण त्याच माणसांना मेट्रोत कानात इअरफोन घालून बसलेले पाहिले की अंदाजाची चूक किती सहज पुन्हा होते ते दिसते.

कॅनडात जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी कॉफीच्या दुकानात असाच लहानसा प्रयोग केला. कॉफी देणाऱ्याकडे पाहून हसून दोन शब्द बोललेल्या ग्राहकांना, काम उरकून निघालेल्या ग्राहकांपेक्षा अधिक प्रसन्न वाटले. म्हणजे जिवलग माणसेच हवीत असे नाही. भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, इमारतीचे रखवालदार, वाचनालयातले कर्मचारी यांच्याशी होणाऱ्या दोन मिनिटांच्या बोलण्यालाही वजन आहे. सगळे काही घरपोच मागवण्याची सोय झाल्यापासून ही दोन-दोन मिनिटे दिवसातून कमी होत चालली आहेत, आणि ती गेल्याची कोणी नोंदही करत नाही. वहीच्या दुसऱ्या आठवड्यात रोज अशी एक ओळ मुद्दाम घालावी.

जवळच्या नात्यांसाठी मात्र याहून अधिक नेमका सल्ला हाताशी आहे, आणि तो पुरेसा प्रसिद्ध नाही. संकटात कोण धावून येते यावरून नाते जोखण्याची आपली रीत आहे. कॅलिफोर्नियातील शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी उलट प्रश्न विचारला : चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा काय करतो? २००४ पासूनच्या त्यांच्या अभ्यासांत प्रतिसादाचे चार प्रकार केले आहेत. समजा, मुलगी घरी येऊन म्हणते, “बाबा, पुण्याच्या प्रकल्पासाठी माझी निवड झाली.” एक बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणतात, “अरे वा, छान.” दुसरे म्हणतात, “आणि रोजचं जाणं-येणं झेपणार आहे का तुला? जागेची भाडी माहितेयत?” तिसरे म्हणतात, “बरं, येताना दूध आणलंस का?” चौथे टीव्हीचा आवाज बंद करून विचारतात, “कधी कळलं? कोणी सांगितलं? तुझ्या मॅडम काय म्हणाल्या?” यांपैकी शेवटच्या प्रकारचा प्रतिसाद जिथे वारंवार मिळतो, त्या नात्यांतले समाधान आणि जवळीक अधिक आढळली, उरलेल्या तिन्ही प्रकारांचा, अगदी ‘अरे वा, छान’चाही, असा संबंध दिसला नाही. पहिल्या बाबांना आपण काही चुकलो असे वाटणारही नाही, आणि दुसरे तर काळजीपोटीच बोलत असतात. मराठी घरांत कौतुक तोंडावर करू नये असा एक संकेत आहे. दृष्ट लागेल, मूल शेफारेल, अशी त्यामागची भीती असते. चौथ्या प्रतिसादात तसे पाहिले तर कौतुकाचा एकही शब्द नाही, नुसते प्रश्न आहेत. सांगणाऱ्याला तो प्रसंग पुन्हा जगू देणे एवढेच त्यातून घडते, आणि भाड्याचा प्रश्न उद्या सकाळी विचारता येतो.

हे अमलात आणण्यासाठी घरातल्या एका व्यक्तीची निवड करून, आठवडाभर तिच्या प्रत्येक लहानमोठ्या चांगल्या बातमीवर किमान तीन प्रश्न विचारावेत, आणि त्या प्रश्नांत सल्ला दडलेला नसावा. तीन ही संख्या शास्त्रीय नाही. पहिल्या प्रश्नानंतर स्वतःचा अनुभव सांगू लागण्याची जी सवय असते, तिला आवर घालण्यापुरती ती आहे.

नात्यांविषयीचा सर्वांत दीर्घ पुरावा हार्वर्डचा आहे. १९३८ साली सुरू झालेल्या या पाहणीत हार्वर्डचे २६८ विद्यार्थी होते, आणि पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा गट त्याला जोडला गेला. दोन्ही गट पुरुषांचे आणि एकाच देशातले असल्याने त्यावरून जगाविषयी बोलताना जपून बोलावे. पण म्हातारपणी कोण सुखी आणि धडधाकट राहिले हे पाहताना नात्यांची ऊब हा घटक ठळकपणे पुढे आला, हे खरे.

कृतज्ञतेची वही, आणि तिचे पथ्य

कृतज्ञतेचा सल्ला आता इतका सर्वत्र दिला जातो की त्याचा वीट यावा. मुळातला अभ्यास मात्र नेटका होता. मार्टिन सेलिगमन यांनी १९९८ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून सुखाच्या अभ्यासाचा आग्रह धरला. २००५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून एक प्रयोग केला. लोकांना वेगवेगळ्या कृती आठवडाभर करायला दिल्या आणि तुलनेसाठी एका गटाला रोज रात्री लहानपणच्या आठवणी लिहायला सांगितल्या. ‘रोज तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या’ हे लिहिणाऱ्यांचा फायदा सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. ज्यांनी उपकारकर्त्याला पत्र लिहून स्वतः नेऊन वाचून दाखवले, त्यांना आरंभी सर्वांत मोठी उभारी मिळाली, पण ती सहा महिन्यांपर्यंत टिकली नाही.

यातला ‘का’ गाळला की कृती पोकळ होते. ‘आज चहा छान मिळाला’ या वाक्यात काही नाही. ‘आमचा गॅस संपल्याचे कळताच शेजारच्या काकूंनी चहाचे पातेले स्वतःहून आणून दिले, कारण गेल्या वर्षी त्यांच्या आजारपणात आपण डबा पोहोचवला हे त्या विसरलेल्या नाहीत’ या वाक्यात एक माणूस आहे, एक कारण आहे आणि स्वतःचाही थोडा वाटा आहे. रोज लिहिणे जड जात असेल तर आठवड्यातून एकदा लिहावे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा नोंद करणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. ठरावीक संख्या भरून काढण्याचा गृहपाठ झाला की त्यातला जीव जातो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

संस्कृतीचाही प्रश्न आहे. क्रिस्टिन लेयस आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात कृतज्ञतेची पत्रे लिहिण्याचा लाभ अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा दक्षिण कोरियातील विद्यार्थ्यांना कमी झाला. आपल्याकडेही आईसमोर उभे राहून आभाराचे पत्र वाचून दाखवणे बहुतेकांना नाटकी वाटेल, आणि आईलाही ‘तुला बरं आहे ना?’ असेच विचारावेसे वाटेल. तेव्हा इथे पद्धत बदलावी. शाळेतल्या बाईंना किंवा पहिल्या नोकरीतल्या साहेबांना फोन करून, त्यांच्या एखाद्या नेमक्या गोष्टीचा आपल्याला पुढे कसा उपयोग झाला, ते सांगावे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ सालच्या प्रयोगांत अशी पत्रे पाठवणाऱ्यांना वाटत होते की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात वाचणारे अंदाजापेक्षा कितीतरी अधिक आनंदले आणि अंदाजापेक्षा कमी अवघडले. फोन करण्यापूर्वी वहीत अंदाजाचा आकडा लिहायला विसरू नये.

पैसा आणि वेळ

पैशाने सुख मिळत नाही हे वाक्य बहुधा ज्यांचा महिना व्यवस्थित निघतो तेच उच्चारतात. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० साली अमेरिकेतील आकडेवारीवरून असे मांडले होते की वार्षिक सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजच्या मनःस्थितीत उत्पन्नामुळे सुधारणा होत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ साली वेगळेच दिसले, तेव्हा कानमन आणि किलिंग्जवर्थ या दोघांनी बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने एकत्र बसून तपासणी केली. २०२३ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की बहुतेकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहते आणि सपाटी येते ती फक्त सर्वांत दुःखी गटात. मोठ्या विद्वानांनी आपले म्हणणे असे जाहीरपणे दुरुस्त करावे, हेही थोडके नाही. भारतापुरते पाहायचे तर रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी कोलकात्यात झोपडपट्टीवासी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि बेघर अशा ८३ जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकूण जीवनाविषयीचे समाधान मध्यबिंदूच्या आसपास होते, पण कुटुंब आणि मित्र यांच्याविषयीचे समाधान चांगले होते. गरिबी सुखाची असते असा अर्थ यातून काढणाऱ्यांनी पहिला अर्धा भाग वाचलेला नसतो.

जो पैसा हाती आहे तो कशावर खर्चावा, याविषयी दोन प्रयोग उपयोगाचे आहेत. एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली काही जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत ते स्वतःवर किंवा दुसऱ्यावर खर्च करायला सांगितले. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक सुखी होते आणि रकमेने फरक पडला नाही. लोकांचा अंदाज याच्या उलट होता. अ‍ॅश्ली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की वेळ वाचवणाऱ्या सेवेवर केलेला खर्च वस्तूवरच्या खर्चापेक्षा अधिक समाधान देतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हे अनेकदा उलटे घडते. मोठ्या पडद्याचा टीव्ही हप्त्यांवर येतो, पण पोळ्यांना बाई ठेवायची म्हटली की ‘चार पोळ्या काय लागतात’ असा सूर निघतो, आणि तो बहुधा ज्यांना त्या चार पोळ्या लाटायच्या नसतात त्यांचा असतो. घरातल्या कोणाचा कोणता वेळ वाचतो आहे, हे पाहिल्याशिवाय खर्चाचा असा कोणताही हिशेब पुरा होत नाही.

मन कुठे असते

किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० साली आयफोनवरून २,२५० प्रौढांना दिवसातून कधीही गाठून तीन प्रश्न विचारले : कसे वाटते आहे, काय करत आहात, आणि मन त्या कामात आहे का. जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होते. अशा वेळी माणसे कमी सुखी होती, आणि मन रम्य विषयाकडे गेले असले तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा अधिक सुख मिळत नव्हते. यासाठी डोळे मिटून बसण्याची साधना करायची तर जरूर करावी; पण ज्यांना ती जमत नाही त्यांनी दिवसातले एक काम निवडून तेवढ्यापुरता मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तरी सुरुवात होते. समाजमाध्यमांबाबत हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २०१८ साली चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगून प्रयोग केला होता. मनःस्वास्थ्यात सुधारणा झाली, मात्र ती लहान होती. समाजमाध्यमे सोडल्याने आयुष्य पालटले, असे सांगणाऱ्यांच्या उत्साहाला तिथून आधार मिळत नाही.

मन भरकटते तेव्हा पुष्कळदा ते जुन्या अपमानाकडे किंवा उद्याच्या धास्तीकडे वळते. इथे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कामाची आहे. मराठीत ती कि. मो. फडके यांच्या लेखनातून आणि प्रशिक्षणवर्गांतून अनेकांपर्यंत पोहोचली. तिचे सूत्र असे, की प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीची आपली सक्ती अधिक छळते. नणंदेने लग्नात नीट विचारपूस केली नाही, याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तिने माझ्याशी आदराने वागायलाच पाहिजे होते आणि ती वागली नाही हे भयंकर आहे, असे आठ दिवस घोळवत राहणे ही आपली भर असते. त्या वाक्याचे कागदावर ‘वागली असती तर मला आवडले असते’ असे पुनर्लेखन करून पाहावे. दुःख संपत नाही, पण संतापाचे रूपांतर नाराजीत होते, आणि नाराज माणसाला रात्री झोप लागते.

किती विश्वास ठेवावा

डन यांनी डनिगन फोक यांच्यासह २०२३ साली सुखाच्या लोकप्रिय उपायांमागचा पुरावा तपासला. कृतज्ञता व्यक्त करणे आणि लोकांत मिसळणे यांना बऱ्यापैकी आधार सापडला. व्यायाम, ध्यान आणि निसर्गसान्निध्य यांनी सुख वाढते या दाव्यामागे मोठ्या आणि काटेकोर अभ्यासांचा आधार अपेक्षेपेक्षा तोकडा निघाला. व्यायाम सोडावा असा याचा अर्थ नाही, त्याची इतर कारणे भक्कम आहेत. सुखाचा ५० टक्के भाग अनुवंशिक, १० टक्के परिस्थितीचा आणि ४० टक्के आपल्या हाती, असे चित्र अनेक भाषणांत दाखवतात. लोकसंख्येतल्या फरकांविषयीचा तो ढोबळ अंदाज होता. एका माणसाच्या सुखाची वाटणी त्यावरून करता येत नाही.

सुखाचा अतिध्यासही नडतो. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या प्रयोगात सुखाचे महत्त्व ठसवणारा मजकूर आधी वाचलेल्यांना आनंदी चित्रफीत पाहून इतरांपेक्षा कमी आनंद झाला, कारण आपल्याला हवा तेवढा आनंद होत नाही, याने ते हिरमुसले. म्हणूनच वहीचा प्रयोग दोन आठवड्यांपुरता ठेवावा. वर्षभर स्वतःला गुण देत बसणे हा सुखाचा मार्ग नव्हे. आणि दोन आठवडे सतत प्रत्यक्षाचा रकाना तळाला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर ही वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालतो.

दोन आठवड्यांनंतर वहीतून तीन ओळी निवडाव्यात : ज्यांचा अनुभव अंदाजाहून सर्वांत वर गेला अशा दोन, आणि जिचा अनुभव सर्वांत खाली आला अशी एक. वरच्या दोन्हींना आठवड्यात ठरलेला वार आणि वेळ द्यावी आणि खालच्यातला निम्मा वेळ त्यांच्याकडे वळवावा. त्या दोन गोष्टींतही फेरबदल करत राहावे. केनन शेल्डन, ज्युलिया बोहम आणि ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात दर आठवड्याला वेगवेगळी सत्कृत्ये करणाऱ्यांना लाभ झाला, तीच ती करणाऱ्यांना झाला नाही. फिरण्याचा रस्ता बदलावा, सोबतीला एखाद्या दिवशी दुसऱ्याला घ्यावे, आतेभावाकडे गेलात तर पुढच्या खेपेस त्याला आपल्याकडे बोलवावे. तीन-चार महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे वही काढावी, कारण तोपर्यंत काही आकडे सवयीने खाली आलेले असतील आणि त्यांच्या जागी काय घ्यावे हे नव्या ओळींवरूनच कळेल.